अक्काची रजा आणि टाकीचं झाकण

चार नंबर गेला तो मंगळवारी सकाळी.

अक्का हॉलचा पडदा सारायला गेली, तेव्हा सोफ्यामागे भिंतीच्या कडेला तिला वाळक्या सालपटासारखं काहीतरी दिसलं. खाली वाकायचं म्हणजे अक्काला आधी सोफ्याचा हात धरावा लागतो, मग उजवा गुडघा टेकवायचा, मग डावा. त्या क्रमाने ती खाली गेली. उचलून पाहिलं तर बोटभर लांबीचा मासा. तोंडाकडे पांढरा, शेपटीकडे लाल, आणि वाळून कडक झालेला. टाकीतून उडी मारून बाहेर पडला असणार आणि कुणाला पत्ताच नाही.

तो तळहातावर घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि वॉर्डात सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "चार नंबर गेला."

भावजयीच्या हातातला चमचा तसाच राहिला. "अगंबाई! काल तर जिन्यात भेटले होते मला. चांगले काठी टेकत चढत होते."

"काठी कसली? मासा गेला, मासा."

"होय का!" भावजय मटकन स्टुलावर बसली. "अहो अक्का, चार नंबरच्या घरात नव्वदीचे आजोबा राहतात. जरा सांभाळून बोलत चला."

अक्काचा तरी काय दोष? पस्तीस वर्षं तिने सरकारी इस्पितळात नर्स म्हणून काढली. तिथे माणसाचं नाव नंतर कळायचं, खाटेचा नंबर आधी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी जिभेवरून ते उतरलं नव्हतं. टाकीत पाच मासे होते, त्यांनाही तिने नंबर देऊन टाकले होते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी एक आणि दोन, पिवळा तीन, आणि लाल शेपटीचे दोघे चार आणि पाच.

खरं म्हणजे टाकी तिची नव्हतीच. ती धाकट्या भावाची. धाकटा जहाजावर इंजिनात काम करतो. सहा महिने पाण्यावर, तीन महिने घरी. एवढं खारं पाणी बघून माणसाचे डोळे निवावेत की नाही? पण या खेपेला घरी आला आणि त्याने हॉलमध्ये, सोफ्याला लागून, खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. तीन फूट लांब, दोनशे लिटरची. आत दगड, वाळू, घरघरणारा पंप, वर निळसर दिवा. दोन महिने तो तिच्यापुढे मांडी घालून बसला आणि रजा संपली तेव्हा चार ओळींचा एक कागद अक्काच्या हातात देऊन म्हणाला, "अक्का, तुझ्या हातात आहे म्हणजे मला घोर नाही."

त्याची बायको तिथेच उभी होती, त्याची बॅग धरून. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. अक्काने पाहिलं, पण तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. या घरातलं सगळं तिच्याच हातात असायचं. वडिलांचं आजारपण, आईची अंथरुणातली सात वर्षं, धाकट्याचं शिक्षण, त्याचं लग्न. तिचं स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. कुणी नको म्हणालं होतं असं नाही. ज्या ज्या वर्षी विषय निघाला त्या त्या वर्षी घरात कुणीतरी खाटेवर होतं.

कागदावर लिहिलं होतं: सकाळी चिमूटभर खाणं. दिवा आठ तास. पाणी रेषेखाली गेलं की भरायचं. पंधरा दिवसांनी थोडं पाणी बदलायचं. बाल्कनीत दोन पिंपं होती. निळ्यात मीठ कालवलेलं पाणी, पांढऱ्यात गाळलेलं साधं. टाकी वरून उघडी, त्यामुळे रोज दोनेक लिटर पाणी हवेत उडून जायचं आणि रेष उघडी पडायची. मग अक्का निळ्या पिंपातून जग भरायची, दोन्ही हातांनी धरून हॉलमध्ये आणायची, स्टुलावर चढायची आणि हळूहळू ओतायची. उतरताना गुडघा कुरकुरायचा. तीन आठवडे हे चाललं होतं. एकही दिवस चुकला नव्हता.

ती दमली होती. कुणी विचारलं असतं तर तिने कबूल केलं नसतं, पण दमणं तिच्या हाडांत मुरलं होतं. सकाळी उठून बसल्यावर पाय जमिनीला लावण्याआधी ती देवाचं नाव घेते, ते आता दोनदा घ्यावं लागत होतं. पहिल्याने डोळे उघडायचे, दुसऱ्याने पाय हलायचे.

आणि नेमकी याच महिन्यात तिला सुटी हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःसाठी.

चिमणी ही तिची नर्सिंगच्या वसतिगृहातली मैत्रीण. तेव्हा चिमणीएवढी होती म्हणून ते नाव पडलं. आता दारातून आडवी होऊन जाते, पण नाव तेच. नवरा गेल्यापासून ती डोंगरावरच्या एका लहान गावात, दोन खोल्यांच्या घरात एकटी राहत होती. "ये गं महिनाभर" असं ती गेली वीस वर्षं म्हणत होती आणि अक्का वीस वर्षं "येते गं" म्हणत होती. आता चिमणीचा मुलगा तिला परदेशी घेऊन चालला होता. घर सोडायची तारीख ठरली होती. "यंदा आलीस तर भेट," चिमणी फोनवर म्हणाली होती, "नाहीतर फोटोत बघ." अक्काने पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारचं बसचं तिकीट काढलं. तीन आठवडे राहायचं. काही करायचं नाही, नुसतं पडायचं.

म्हणून चार नंबरला कागदात गुंडाळून कुंडीत पुरल्यावर अक्काच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा: ही टाकी तीन आठवडे सोडून जायची कशी?

त्याच दुपारी ती शोभेच्या माशांच्या दुकानात गेली. दुकानदार हडकुळा, बाह्या कायम ओल्या, बोलताना एक डोळा कुठल्यातरी टाकीवर. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"लाल शेपटीवाले ना? उड्या मारतातच ते, ताई. झाकण हवं. काच लावा नाहीतर जाळी."

"दोन्हीत काय फरक?"

"काच लावली की पाणी उडत नाही. मिठाचे शिंतोडे सोफ्यावर येत नाहीत. पण उकाडा आत कोंडतो, हवा खेळत नाही. वर काचेवर मीठ चढतं, ते पुसत राहायचं. जाळी लावली की हवा खेळती राहते, मासा बाहेर पडत नाही. पण पाणी उडतं, उघड्या टाकीसारखंच. रोज भरायला कुणीतरी हवं."

अक्काने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं पकडलं. "कुणीतरी नसेल तर?"

"काचेला तीनेक आठवडे काही होत नाही. जाळीला दोन दिवस, फार तर तीन."

"मग काच," अक्का म्हणाली.

"उन्हाळा आहे, ताई."

"काचच."

घरी आल्यावर भावजयीला सांगितलं. ती शिलाईच्या मशिनवर बसली होती, लोकांचे पडदे शिवून देते ती. तोंडातली टाचणी काढून म्हणाली, "जाळी मी करून देते की. खिडक्यांची पांढरी जाळी उरलीय माझ्याकडे, प्लास्टिकची चौकट घेऊन येते. एका दुपारचं काम."

"आणि पाणी?"

"मी आहे ना घरात."

"तुला तुझी शिलाई काय कमी आहे का?" अक्का म्हणाली. बोलणं मायेचं होतं, त्याचा अर्थ मात्र भावजयीला बरोबर कळला. तिने टाचणी परत तोंडात धरली.

रात्रीच्या जेवणाआधी धाकट्याचा फोन आला; भावजयीने त्याला कळवलं असणार. आवाज तुटत होता.

"अक्का, जाळी लाव. काच नको. काचेने ते..."

"तू इथे येऊन पाणी भर रोज, मग जाळी लावते."

"मी पाण्यातच आहे गं!"

"तिथलंच भर मग," म्हणून अक्काने फोन भावजयीकडे दिला.

गुरुवारी काचवाला आला. टाकीची मापं घेताना त्याने एक नंबरकडे फार वेळ पाहिलं. "बाई, हे खायला कसे लागतात?"

"महाग लागतात," भावजय आतून म्हणाली.

त्याने दोन तुकड्यांत काच बसवली, पंपाच्या नळीसाठी कोपऱ्यात खाच ठेवली, उचलायला मूठ चिकटवली. काम स्वच्छ झालं. शुक्रवारी सकाळी रेष जिथल्या तिथे होती. अक्का स्टुलावर चढली नाही. चहाचा कप घेऊन ती हॉलमध्ये बसली आणि तो गरम असतानाच संपवला, हे कित्येक दिवसांनी घडलं. दुपारी तिने पलंगाखालून बॅग काढली, पुसली, त्यात दोन साड्या आणि चिमणीसाठी विणलेली शाल ठेवली. भावजयीला म्हणाली, "तू फक्त चिमूटभर खाणं टाकायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"नाही लावत," भावजय म्हणाली.

आता अक्काच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. ती श्वास मोजते. बसमध्ये समोर कुणी झोपलं असेल, तर तिची नजर त्याच्या छातीवर जाते आणि मनगटावरच्या घड्याळाकडे जाते. त्यात तिचा काही हेतू नसतो, पस्तीस वर्षांचं वळण आहे ते. टाकी आल्यापासून ती माशांचे कल्लेही मोजायची. एक मिनिटात किती वेळा उघडमिट होते, ते वहीत लिहायची. उजवीकडे तारीख, डावीकडे नंबर. एक नंबरचा आकडा सुरुवातीला सत्तरच्या आसपास असायचा. मधल्या आठवड्यांत तो ऐंशीवर गेला होता, तेव्हा तिने उन्हाळ्याला बोल लावला होता.

शनिवारी सकाळी आकडा ब्याण्णव आला.

तिने काच जरा सरकवली, टेबलपंखा टाकीकडे वळवला. रविवारी एकशे चार. पाण्यात ठेवलेल्या काचेच्या नळीत पारा एकतीसवर. पाच नंबर कोपऱ्यात, पंपाचं पाणी जिथे खळखळत पडतं तिथे, तोंड वर करून राहिला होता. असे रुग्ण अक्काने शेकड्यांनी पाहिले होते. त्यांना आडवं पडवत नाही. ते रात्रभर उशा पाठीशी लावून खिडकीजवळ बसतात आणि नर्स जवळून गेली की काही मागत नाहीत, फक्त बघतात.

सोमवारी अक्काने ठरवलं की आज टाकीकडे जायचंच नाही. सहा दिवस राहिले होते. मासाच तो, त्याचं आयुष्य ते किती! ती स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली, तीही हॉलकडे पाठ करून. मग देवापुढे बसली. ओठ हलत होते, पण मन एक, दोन, तीन, चार असं पुढेच चाललं होतं, नामाच्या जागी आकडे येत होते. तिने डोळे उघडले आणि देवाची क्षमा मागितली.

"अक्का," भावजय दारात उभी होती. "वहीत आजचा रकाना रिकामा आहे."

"तू वही बघतेस?"

"रोज बघते. आज तुम्ही मोजले नाहीत म्हणून मी मोजले. एक नंबर, एकशे सोळा. पहिल्यांदा वाटलं चुकलं, म्हणून परत मोजले. तेवढेच."

अक्का उठली. टाकीपुढे गेली, घड्याळ धरलं. एकशे सोळा.

तिने दोन्ही काचा उचलून भिंतीला टेकवल्या आणि टाकीवर साडी धुवायचा मोठा जाळीदार झोळा ताणून चिमटे लावले. मग फोन घेऊन बाल्कनीत गेली.

"चिमणे, येणं जमेलसं दिसत नाही."

"कोण आजारी?"

"एक नंबर."

"कोण एक नंबर? कुणाचा?"

"मासा गं. धाकट्याचा मासा."

पलीकडे चिमणी हसायला लागली. हसता हसता खोकली. मग हसू थांबलं. "मेजर," ती म्हणाली. वसतिगृहात अक्काला सगळ्या मेजर म्हणायच्या. "पहिल्यांदा तुझे वडील होते. मग तुझी आई. त्याला मी कधी काही बोलले का? मग भावाचं लग्न, मग भावाचं घर, मग तुझी निवृत्ती जवळ आली म्हणून रजा घ्यायची नव्हती. आणि आता मासा."

"तो धापा टाकतोय."

"आणि तू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी दुचाकी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"मी रागावत नाहीये," चिमणी म्हणाली. "रागावायलाही जीव लागतो, तो आता नाही माझ्यात. पण मी परत विचारणार नाही, एवढं सांगून ठेवते."

मंगळवारी अक्काने दुकानदाराला घरी बोलावलं. त्याने खिशातून बोटाएवढी जाड नळी काढली, तिच्या टोकाला टाकीतल्या पाण्याचा थेंब ठेवला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून डोळा लावला. पुसली, परत थेंब ठेवला, परत पाहिलं.

"ताई, इथे पस्तीस दिसायला हवेत. बेचाळीस दिसतायत. मीठ फार झालंय. पाणी कमी झालं की कुठलं घालत होता?"

"निळ्या पिंपातलं."

"रोज?"

"रोज. दोन लिटर."

दुकानदाराने नळी खिशात ठेवली. तो भला माणूस होता, त्यामुळे लगेच बोलला नाही. "उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. भरायला साधं पाणी घ्यायचं, पांढऱ्या पिंपातलं. खारं फक्त बदलताना."

ते ऐकल्यावर अक्काला कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. तिने खुर्चीची पाठ धरली. "अंगातलं पाणी गेलेला रुग्ण आला की आम्ही सलाइन लावायचो," ती म्हणाली. "साधं पाणी शिरेत सोडलं तर माणूस हातचा जातो. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. माझा हात आपोआप निळ्या पिंपाकडेच गेला. पांढऱ्याकडे बघायचंसुद्धा कधी सुचलं नाही."

"काचेने वरून अजून कोंडलं. मूळ मात्र मिठात आहे."

"चार नंबर त्यामुळेच बाहेर पडला?"

"असेल. नसेलही. हे चांगल्या पाण्यातूनही उड्या मारतात. त्याचं मनाला लावून घेऊ नका. आता एकदम पाणी बदलू नका, झेपणार नाही त्यांना. रोज थोडं खारं काढा, तेवढंच साधं घाला. आठ-दहा दिवस लावा. आणि झाकण जाळीचं करा."

तो गेल्यावर अक्का सोफ्यावर बसून राहिली. पस्तीस वर्षांत तिने एकदाही चुकीची बाटली लावली नव्हती. डॉक्टर चुकले तेव्हा तिने थांबवलं होतं. लिहिलेलं दोनदा वाचायची, लेबल तीनदा. आणि घरच्या हॉलमध्ये, पाच मुक्या जिवांना, ती तीन आठवडे रोज सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून, मापाने मीठ पाजत होती.

सेवा करणाऱ्या माणसाला एक गोष्ट हळूहळू चिकटते आणि ती त्याला स्वतःला दिसत नाही. आपल्यावाचून अडतं, हे ऐकायला त्याला गोड लागू लागतं. मग तो दमतो, कण्हतो, देवाकडे विसावा मागतो, आणि कुणी हातातला जग घ्यायला आलं की म्हणतो, राहू दे, तुला जमायचं नाही. देव विसावा धाडत असेलही. हात रिकामा नसेल तर घेणार कसा?

भावजयीने चहा आणून ठेवला आणि समोर बसली.

"मला एकदा वाटलं होतं," भावजय म्हणाली.

"काय?"

"की मीठ जाणार कुठे. उन्हात ब्लाउज वाळला की घामाचे पांढरे डाग राहतात ना काखेत. पाणी उडतं, मीठ राहतं. म्हटलं, टाकीतही तसंच होत असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला?" भावजय हसली, पण डोळे हसले नाहीत. "ह्यांनी टाकी तुमच्या हाती दिली. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. मी बॅग धरायला होते. म्हटलं, असेल काही नर्सबाईंचं शास्त्र, आपण पडदे शिवणारी बाई."

दुसऱ्या कुणी असा टोमणा मारला असता तर अक्काने तिथल्या तिथे परतवला असता. आज तिने तो गिळला. गिळताना तो कडू लागला, आणि खरा लागला. नऊ वर्षं ही मुलगी या घरात होती. नऊ वर्षांत अक्काने तिला कपाटाच्या किल्ल्या दिल्या होत्या, दागिने दिले होते, ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसली होती. पण कधी काही सोपवलं नव्हतं.

"चहा थंड होतोय," भावजय जरा मऊ होऊन म्हणाली.

"जाळी कधीपर्यंत होईल?"

"चौकट आणली तर आज संध्याकाळपर्यंत."

"आण मग."

जाळी संध्याकाळी झाली. पांढरी, ताणून बसवलेली, कडेला दुहेरी शिवण. अक्काने बोटाने दाबून पाहिली. उडी मारली तरी मासा मऊ आपटून परत पाण्यात पडेल अशी. बुधवारी आणि गुरुवारी दोघींनी मिळून पाणी काढलं, घातलं. म्हणजे पहिल्या दिवशी अक्का स्टुलावर आणि भावजय जग देणारी. दुसऱ्या दिवशी भावजय "सरका" म्हणाली आणि स्वतः चढली. तिच्या हातून दोन थेंब सोफ्यावर सांडले. अक्काने फडकं उचललं आणि मग परत खाली ठेवलं.

शुक्रवारी एक नंबर पंच्याण्णववर आला. धोका टळला असं म्हणण्यासारखं अजून काही नव्हतं. अशा अवस्थेत रुग्ण सोडून अक्का कधी घरीसुद्धा गेली नव्हती, रजेवर जाणं तर दूरच. शनिवारी तिने सूचना लिहायला घेतल्या. पहिलं पान भरलं, दुसरं भरलं. तिसऱ्यावर "जर अचानक" असं लिहून ती थांबली.

भावजयीने खांद्यावरून डोकावलं. "एवढं तर माझ्या लग्नाच्या याद्यांतसुद्धा नव्हतं."

"जर अचानक काही झालं तर काय करशील?"

"जे सुचेल ते करेन. दुकानदाराला फोन करेन. तरीही गेला एखादा, तर कुंडीत पुरेन आणि तुम्हाला सांगेन. लपवणार नाही."

अक्काने तिन्ही पानं घडी करून स्वतःच्या पिशवीत घातली. तिला दिली नाहीत. मग चिमणीला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "उद्याच्या बसने निघते. तू विचारणार नाहीस म्हणालीस, म्हणून मीच सांगते."

"जाडी चादर घेऊन ये, इथे गार आहे," चिमणी म्हणाली आणि फोन ठेवला. आवाज जरा ओला होता.

रविवारी निघताना अक्का टाकीपाशी एकदा उभी राहिली आणि घड्याळाचा हात पाठीमागे धरला. बसमध्ये आठ तास तिला झोप लागली नाही. डोंगरावर पोचली आणि मग जी झोपली ती जवळजवळ दोन दिवस. उठायची, चिमणी देईल ते खायची, परत आडवी व्हायची. चिमणी तिच्या खाटेशेजारी सामान बांधत बसायची, भांडी कागदात गुंडाळायची, आणि मधूनच जुन्या वॉर्डातलं काहीतरी बोलायची. उत्तर आलं नाही तरी चालायचं.

बुधवारी दुपारी फोन वाजला.

"अक्का, दुकानदार नळी देऊन गेलेत माझ्याकडे. अडतीस दिसतायत." भावजय धापा टाकल्यासारखी बोलत होती, बहुतेक स्टुलावरूनच. "काल खाणं टाकलं तर पाचही... चारही आले वर. नीट खातायत. आज परत खारं काढू, की एक दिवस राहू दे?"

अक्का कोपरावर उठून बसली. उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. ती असती तर आजच काढलं असतं. रोजचं काम रोज, त्यात खंड नाही. ते उत्तर ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

पलीकडे स्टुलावरून उतरल्याचा आवाज आला. हा प्रश्न त्या घरात भावजयीला कुणी विचारला नव्हता, त्यामुळे तिला तो उलगडायला वेळ लागला असावा.

"मला वाटतं आज राहू दे," ती शेवटी म्हणाली. "आत्ता कुठे शांत झालेत. उद्या काढते. उडालेलं तेवढं साधं पाणी घालते फक्त."

"बरं. तसं कर."

"नक्की ना?"

"तू बघतेयस ना त्यांना. मी कुठे बघतेय?"

फोन ठेवून अक्का परत आडवी झाली. चिमणी कप गुंडाळायची थांबली होती. "तू काय केलं असतंस?"

"आजच काढलं असतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

अक्काने चादर खांद्यावर ओढली. बोलायचासुद्धा कंटाळा आला होता. "तिचं चुकलं तर चुकलं," ती म्हणाली. "माझं कुठे बरोबर होतं?"

चिमणीने पुढचा कप हातात घेतला. थोड्या वेळाने तिने विचारलं, चहा टाकू का, पण अक्काला झोप लागली होती.